लिनक्स टाकलं, आता सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि धडधाकट असूनही विंडोज ११ न झेपणाऱ्या लॅपटॉपचं करायचं काय, हा प्रश्न बऱ्याच घरांत आला. नागपुरात बर्डीवरच्या दुरुस्तीवाल्याकडून नाहीतर कॉलेजातल्या मित्राकडून उबंटू, मिंट किंवा डेबियन यांपैकी एखादं लिनक्स टाकून घेणं हा त्यातला स्वस्त मार्ग. संध्याकाळपर्यंत मशीन चालू होतं. मग एखादं सॉफ्टवेअर हवं असतं, यूट्यूबवर कुणीतरी तीन ओळी दाखवतो, आपण त्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चिकटवतो, पासवर्ड देतो. काम झालं!

पण त्या तीन ओळी काय करतात ते पाहा. पहिली ओळ कुणाची तरी डिजिटल किल्ली, म्हणजे त्याची सही तपासायचं साधन, उतरवून घेते. दुसरी त्या माणसाच्या रिपॉझिटरीचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कोठाराचा पत्ता सिस्टीमच्या यादीत कायमचा लिहिते. तिसरी सॉफ्टवेअर बसवते. आपलं लक्ष फक्त तिसरीवर असतं. ‘भाऊ, मले फक्त एक एडिटर पाहिजे होतं’ असं म्हणून चालत नाही, कारण यादीत आलेलं कोठार त्या एडिटरपुरतं राहत नाही.

याची कारणं दोन. डेबियन घराण्यातल्या (उबंटू आणि मिंटही त्यातलेच) प्रत्येक पॅकेजसोबत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गाठोड्यासोबत, छोट्या स्क्रिप्ट येऊ शकतात, आणि बसवताना त्या रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या हक्काने चालतात. त्या काहीही वाचू शकतात, काहीही बदलू शकतात. दुसरं कारण जरा गमतीचं आहे. अपडेटच्या वेळी अ‍ॅप्ट हा प्रोग्रॅम सगळी कोठारं चाळतो आणि, वेगळं काही सांगितलं नसेल तर, ज्याचा आवृत्ती क्रमांक मोठा ते पॅकेज उचलतो. या क्रमांकाच्या आधी एक आकडा आणि अपूर्णविराम (:) लावायची सोय आहे. त्यामुळे ‘१:१.०’ ही आवृत्ती ‘९.९’ पेक्षा वरचढ ठरते. म्हणजे एडिटर देणाऱ्याने मनात आणलं तर तुमचा ब्राउझर काय, सिस्टीमची मूळ लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड, सुद्धा तो पुढच्या अपडेटला बदलू शकतो. एका खोलीचं काम करायला आलेल्या सुताराला अख्ख्या घराची किल्ली देऊन ठेवण्यातला हा प्रकार आहे. सुतार भला असेलही, पण उद्या त्याच्या खिशातून किल्ली चोरीला गेली तर?

अधिकृत कोठाराचं वेगळेपण त्यामागच्या साखळीत आहे. त्यात ‘रिलीज’ नावाची एक फाइल असते आणि तिच्यावर डेबियनची किंवा उबंटूची डिजिटल सही असते. त्या फाइलमध्ये पॅकेजांच्या याद्यांचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले ठशासारखे आकडे, असतात, आणि याद्यांमध्ये एकेका पॅकेजचा. पॅकेजमधला एक बाइट जरी बदलला तरी हॅश जुळत नाही आणि अ‍ॅप्ट ते बसवायला नकार देतो. म्हणूनच मिरर, म्हणजे कोठाराची प्रत ठेवणारा सर्व्हर, कुणाचा आहे याची फार काळजी करू नका. सही मिररवाल्याची नसतेच. वेग तेवढा पाहा. आणि वेग नकाशावरच्या मैलांवर ठरत नाही: आपल्याकडे शून्य मैलाचा दगड असला तरी नागपूरहून कानपूरला निघालेला डेटा मुंबईला वळसा घालून जाऊ शकतो. डेबियनचा मुख्य पत्ता तुम्हाला आपोआप सोयीच्या सर्व्हरकडे पाठवतो, तोच राहू द्या.

सही काय सांगते? माल डेबियनकडून आला एवढंच. माल चांगला आहे हे सांगत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये याचा धडकी भरवणारा पुरावा मिळाला. एक्सझेड नावाच्या, फाइली आवळून लहान करणाऱ्या साधनात दोनेक वर्षं विश्वास कमावलेल्या एका सहकाऱ्यानेच चोरदरवाजा घातला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर शिरायच्या सोयीच्या, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे खटकलं आणि त्याने छडा लावला. तोवर ५.६.० आणि ५.६.१ या दूषित आवृत्त्या डेबियनच्या ‘टेस्टिंग’ आणि ‘अनस्टेबल’ या, पुढची आवृत्ती घडवायच्या शाखांत, रीतसर सहीनिशी, पोचल्या होत्या. ‘स्टेबल’ या स्थिर शाखेत मात्र जुनी आवृत्ती असल्यामुळे ती वाचली. स्टेबलला ‘शिळं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी वाद घालताना मी हे उदाहरण हमखास काढतो.

मग नव्या सिस्टीमवर ठेवायचं काय? उबंटूत चार भाग असतात. ‘मेन’ कॅनॉनिकल कंपनी सांभाळते, ‘युनिव्हर्स’ स्वयंसेवक, ‘रिस्ट्रिक्टेड’मध्ये बंदिस्त ड्रायव्हर आणि ‘मल्टिव्हर्स’मध्ये परवान्याच्या अटी असलेला माल. घरच्या मशीनला चारही चालतील. डेबियनमध्ये ‘मेन’सोबत ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हवंच, नाहीतर इंटेल किंवा रिअलटेकचं वायफाय कार्ड मुकाट पडून राहतं. हा वेगळा भाग २०२३ च्या डेबियन १२ पासून आला. सुरक्षा अपडेटचं कोठार कधीही बंद करू नका. आणि यादीत ‘स्टेबल’ या शब्दाऐवजी आवृत्तीचं नाव लिहा, जसं डेबियन १३ साठी ‘ट्रिक्सी’. नाहीतर पुढची आवृत्ती आली की साध्या अपडेटच्या नादात अख्खी सिस्टीमच बदलायला घेईल.

मराठी टाइप करायला आयबस-एम१७एन आणि लोहित देवनागरी फॉन्ट हे सगळं अधिकृत कोठारातच आहे, बाहेर जायची गरज नाही. एखादं सॉफ्टवेअर नवंच हवं असेल तर डेबियनचं ‘बॅकपोर्ट्स’, म्हणजे स्टेबलसाठी तयार केलेल्या नव्या आवृत्त्यांचं कोठार, आधी पाहा. ते आपणहून काही बसवत नाही, मागितलं तरच देतं. गरजेच्या लायब्रऱ्या वेगळ्या आणणारा फ्लॅटपॅक हाही बरा पर्याय: सिस्टीमच्या लायब्रऱ्यांना तो हात लावत नाही. डिस्कवर जागा भरपूर खातो, तेवढं सोसावं लागतं. स्टेबलच्या यादीत टेस्टिंगची ओळ घुसडणं किंवा उबंटूचं पीपीए, म्हणजे कुणीही स्वतः उघडलेलं छोटं कोठार, डेबियनला जोडणं मात्र नको. एका पॅकेजसाठी नवी सी लायब्ररी येते, तिच्यामागे डझनभर पॅकेजं, आणि पुढच्या मोठ्या अपडेटला गाडी अडते.

आधीच काही जोडून बसला असाल तर ‘अ‍ॅप्ट पॉलिसी’ ही आज्ञा चालवा, सगळी कोठारं समोर येतील. नको ती ओळ काढा. पण तिथून आलेली पॅकेजं ओळ काढून जात नाहीत. ती तशीच राहतात, फक्त त्यांना अपडेट मिळणं बंद होतं. ती हटवून अधिकृत आवृत्ती परत बसवणं, हे काम वेगळं करावं लागतं. पीपीएसाठी ‘पीपीए-पर्ज’ नावाचं साधन ते करून देतं.