स्नेफेरू

स्नेफेरू : (कारकीर्द इ. स. पू. सु. २६१३–२५८९). प्राचीन ईजिप्तच्या चौथ्या राजवंशाचा संस्थापक, खुफूचा पिता. जगभर नाव झाले ते खुफूच्या महापिरॅमिडचे. पण पायऱ्यांच्या थडग्यापासून सपाट उताराच्या पिरॅमिडपर्यंतची वाट काढली ती स्नेफेरूच्या कारागिरांनी. त्याच्या तीन मोठ्या पिरॅमिडांचे बांधकाम सु. ३५ लाख घनमीटर भरते, तर खुफूच्या पिरॅमिडचे सु. २६ लाख. ईजिप्तच्या राजांत सर्वांत मोठा बांधकाम करणारा कोण, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच स्नेफेरू हे द्यावे लागते.

फायूमजवळच्या मैदूम येथील पिरॅमिड आधी सात आणि मग आठ पायऱ्यांचा होता. त्याची सुरुवात आधीचा राजा हूनी याने केली, असे काही अभ्यासक मानतात. पुढे पायऱ्यांमधील खाचा भरून त्याला सु. ५२ अंशांचा सलग उतार देण्यात आला. इथे दोन उणिवा राहिल्या. बाहेरच्या आवरणाचा पाया खडकावर न बसवता वाळूवर बसवला आणि आतल्या पायऱ्यांचे दर्शनी चिरे आधीच तासून गुळगुळीत केलेले असल्याने नव्या भरावाला त्यांची पकड मिळाली नाही. कालांतराने आवरण ढासळले आणि आज ढिगाऱ्यातून वर आलेला मनोरा तेवढा दिसतो. बांधकाम चालू असतानाच ते कोसळले, ही कल्पना मात्र पटणारी नाही. पायथ्याच्या छोट्या मंदिरात अठराव्या राजवंशाच्या काळातील यात्रेकरूंनी स्तुतिपर लेख लिहिले आहेत. म्हणजे हजाराहून अधिक वर्षांनंतरही मंदिर ढिगाऱ्याखाली गेलेले नव्हते.

खरी कसोटी लागली मैदूमच्या उत्तरेकडील दहशूर या ठिकाणी. येथील पहिल्या पिरॅमिडचा आरंभीचा कोन सु. ६० अंश होता आणि खालची जमीन भुसभुशीत होती. भार वाढताच चिरे तडकू लागले. तेव्हा चहूबाजूंनी दगडी वेढा चढवून पाया सु. १८९ मी. इतका रुंद केला आणि कोन सु. ५४ अंशांवर आणला. तरीही धोका टळला नाही. चिऱ्यांचे थर आतल्या बाजूला कललेले असल्याने सगळा दाब मध्याकडे, म्हणजे आतल्या दफनाच्या दालनांवरच, येत होता. भेगा चुनागच्चीसारख्या जिप्समच्या लेपाने बुजवल्या आणि वरच्या दालनात सीडरच्या (देवदारासारख्या झाडाच्या) तुळया आडव्या ठोकल्या. त्या तिथे अजून आहेत. शेवटी सु. ४७ मी. उंचीवर कोन ४३ अंशांपर्यंत उतरवून वरचे वजन कमी केले. म्हणून हा ‘वाकडा पिरॅमिड’, उंची सु. १०५ मी. त्याचे पांढरे चुनखडकी आवरण इतर कोणत्याही मोठ्या पिरॅमिडपेक्षा चांगले टिकले आहे.

दहशूरच्याच उत्तरेकडील लाल पिरॅमिडमध्ये हे सारे धडे सुरुवातीपासून वापरले गेले : पाया २२० मी., कोन सु. ४३ अंश, थर आडवे. उंची पुन्हा सु. १०५ मी.च, पण आतील तिन्ही दालने आजही शाबूत आहेत. त्यांची छते प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे काढत वर जुळवलेली आहेत. प्रवेश उत्तरेच्या बाजूने, जमिनीपासून सु. २८ मी. उंचीवर असून तिथून सु. ६० मी. लांबीच्या उताराच्या बोळातून वाकून उतरावे लागते. चिऱ्यांच्या मागील बाजूस गवंड्यांनी लिहिलेल्या तारखा सापडल्या आहेत. त्या गुरांच्या गणनेनुसार दिलेल्या आहेत आणि ही गणना दरवर्षी होई की वर्षाआड, यावर कारकिर्दीची लांबी ठरते. तूरिन येथील राजावली (पपायरसवरील राजांची प्राचीन यादी) २४ वर्षे सांगते; परंतु एवढे बांधकाम पाहता अनेक अभ्यासक अधिक वर्षे धरतात.

पालेर्मो शिलालेखात (आरंभीच्या राजांच्या वार्षिक नोंदींच्या शिळेवर) स्नेफेरूच्या काळी सीडरचे लाकूड भरून आलेल्या ४० जहाजांची नोंद आहे. ईजिप्तच्या दक्षिणेकडील नूबियाच्या स्वारीत ७,००० कैदी आणि २,००,००० गुरे आणल्याचेही हा लेख सांगतो. हे दरबारी आकडे जपूनच घ्यावेत. सिनाईतील वादी मघारा येथे त्याचे खडकातील शिल्प असून त्या प्रदेशात पुढे त्याची देव म्हणून पूजा होत राहिली.

खुफूने दहशूर सोडून गीझाचे भक्कम खडकाळ पठार निवडले, आणि तिथे सु. ५२ अंशांचा उभा कोन पेलला. बाराव्या राजवंशातील तिसऱ्या आमेनेमहेतने मात्र दहशूरच्याच सखल जागी विटांचा पिरॅमिड उभारला. तो खचू लागला, दालनांना तडे गेले आणि त्याला हवारा येथे दुसरा पिरॅमिड बांधावा लागला.