शब्दकोश-खेळ

शब्दकोश-खेळ : कोशातील अपरिचित शब्द घेऊन त्याला खेळाडूंनी आपापले खोटे परंतु पटण्याजोगे अर्थ लिहावेत आणि त्यांत मिसळलेला खरा अर्थ इतरांनी ओळखावा, असा एक बैठा खेळ. इंग्रजीत तो ‘डिक्शनरी’ किंवा ‘फिक्शनरी’ या नावांनी परिचित आहे. मराठीत त्याला एकच एक रूढ नाव नाही. नागपुरी बोलण्यात थाप मारण्याला ‘फेकणे’ म्हणतात, त्यामुळे तेथे ‘फेकाफेकी’ हे नाव सहज चालून जाते. मात्र ते खेळाच्या केवळ एका अंगाचे वर्णन आहे. प्रस्तुत नोंदीत नागपूर व परिसरातील मराठी भाषकांमध्ये मोबाइलवरून खेळल्या जाणाऱ्या प्रकाराचा विशेष विचार केला आहे.

खेळाच्या उगमाविषयी दोन मते संभवतात. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर १९६५ मध्ये ‘कॉल माय ब्लफ’ हा कार्यक्रम सुरू झाला व त्याच वर्षी तो बीबीसीवरही आला. तेथे तो १९८८ पर्यंत चालला आणि १९९६ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आला. बीबीसीवरील कार्यक्रमात तीन-तीन जणांचे दोन संघ असत. एका संघाने दिलेल्या तीन अर्थांपैकी खरा कोणता, हे दुसऱ्या संघाने सांगावयाचे असे. पुढे १९८४ मध्ये कॅनडातील टोरांटो येथील लॉरा रॉबिन्सन व पॉल टॉयन यांनी ‘बॉल्डरडॅश’ हा पेटीबंद खेळ बाजारात आणला. १९६५ व १९८४ या दोन तारखा पुढेमागे ठेवल्या, म्हणजे खेळ दूरचित्रवाणीवरून घराघरांत गेला असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि घरगुती प्रकारात प्रत्येक खेळाडू स्वतः अर्थ लिहितो आणि प्रत्येकजण मत देतो. ही दोन्ही अंगे दूरचित्रवाणीच्या प्रकारात गळालेली दिसतात. साध्या प्रकारातून अंगे गळून प्रेक्षणीय प्रकार होणे, हे उलट प्रवासापेक्षा अधिक संभवनीय वाटते. कोश, कागद व पेन्सिल यांपलीकडे काहीही न लागणारा घरगुती खेळ त्यामुळे १९६५ च्या आधीचा, बहुधा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील, मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

खेळाचे मूळ भारतीय परंपरेत शोधण्याचा प्रयत्न मात्र फारसा टिकत नाही. ‘कामसूत्र’कार वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत प्रहेलिका (कोडे), प्रतिमाला, दुर्वाचकयोग (उच्चारायला कठीण श्लोक म्हणणे) व अभिधानकोशाचे (शब्दकोशाचे) ज्ञान यांचा समावेश आहे, हे खरे. प्रतिमाला ही आपल्या भेंड्यांची पूर्वज म्हणता येते. परंतु प्रहेलिकेत खरा अर्थ दडवलेला असतो आणि बुद्धिमान श्रोत्याला तो शब्दांवरूनच काढता येतो. शब्दकोश-खेळात खरा अर्थ उघड सर्वांसमोर असतो. दडवलेला असतो तो खोट्याचा खोटेपणा. हा भेद केवळ तपशिलाचा नव्हे.

खेळण्याची रीत सोपी आहे. ज्याच्यावर राज्य असेल तो कोशातून शब्द काढतो, तो कोणालाही माहीत नसल्याची खात्री करून घेतो, सर्वांचे अर्थ गोळा करतो, त्यांत कोशातील अर्थ मिसळतो आणि सर्व अर्थ क्रमांक घालून वाचून दाखवतो. खरा अर्थ ओळखणाऱ्याला दोन, आपल्या खोट्या अर्थावर पडलेल्या प्रत्येक मतामागे एक आणि कोणीच न ओळखल्यास राज्य असलेल्याला तीन गुण, असा हिशेब साधारणतः ठेवतात. आकडे मंडळागणिक बदलतात.

या खेळात शब्दसंपत्तीची कसोटी लागते असा समज आहे, परंतु वस्तुतः कस लागतो तो कोशाच्या भाषेच्या अनुकरणाचा. ‘तिवडा’ हा शब्द उदाहरणादाखल घेता येईल. ‘तीन पदरांचा पिळलेला दोर’, ‘तिन्हीसांजेला गुरांपुढे टाकावयाचा चारा’, ‘लाखोळीसारखे एक कडधान्य’ आणि ‘खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब, ज्याभोवती मळणीचे बैल फिरवतात’ असे चार अर्थ समोर आले, तर नवखे खेळाडू ‘ति’ या अक्षरावर भाळून पहिल्या दोहोंकडे वळतात. तिसरा अर्थ रचणाऱ्याला छत्तीसगडीत लाखोळीला ‘तिवरा’ म्हणतात हे ठाऊक असावे. रायपूरकडे नातेसंबंध असलेल्या नागपूरकरांत अशी माणसे कमी नाहीत. खरा अर्थ चौथा आहे. मळणीयंत्रे आल्यापासून तिवडा शहरी पिढीच्या कानांवरून गेला आहे. मात्र वावरात वाढलेला एक जरी खेळाडू मंडळात असला, तरी हा शब्द बाद करावा लागतो.

शब्दांच्या निवडीत मराठीची म्हणून काही बंधने आहेत. तत्सम शब्द बहुधा निरुपयोगी ठरतात, कारण उपसर्ग व धातू ओळखता आले की अर्थ जवळजवळ हाती लागतो. कोशकार डॉ. रघुवीर यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात व त्यानंतर काही काळ नागपुरातून जी पारिभाषिक संस्कृत शब्दरचना केली, तिच्यातील शब्द कानाला कितीही अपरिचित वाटले तरी या खेळात याच कारणाने पडतात. देशी शब्द सर्वांत चांगले. व्युत्पत्तीने न उलगडणाऱ्या अशा शब्दांचा स्वतंत्र संग्रह हेमचंद्राने बाराव्या शतकात ‘देशीनाममाले’त केला होता. त्याखालोखाल फारसी-अरबी मूळ असलेले दप्तरी शब्द येतात. ‘वरात’ हा लग्नाचा शब्द सर्वांना माहीत असतो, पण जुन्या कागदपत्रांत तो पैसे देण्याच्या लेखी हुकमालाही लावला जाई. अशा दुहेरी शब्दाचा अप्रचलित अर्थ विचारणे हा कसलेल्या खेळाडूंचा आवडता डाव होय.

लिंगाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. शब्दाबरोबर पुल्लिंग, स्त्रीलिंग की नपुंसकलिंग हे सांगितले नाही, तर लिंग चुकवणारा खेळाडू ताबडतोब उघडा पडतो आणि डाव व्याकरणावर सुटतो. म्हणून ते आधीच जाहीर करणे इष्ट. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) अर्थ इंग्रजीत असल्याने राज्य असलेल्याला स्वतःच भाषांतर करावे लागते आणि त्याची लेखनशैली खऱ्या अर्थाला चिकटते. दाते व कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–३८) अर्थ मराठीतच देत असल्याने या दृष्टीने अधिक सोयीचा आहे. दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. ही सोय खेळाला उपकारक व मारक दोन्ही आहे, कारण शब्द जाहीर झाल्यावर मोबाइलमध्ये डोकावण्यापासून कोणालाही अडवता येत नाही.

अपरिचित शब्द कोणाला अपरिचित, हा प्रश्न नागपूरचे खेळाडू पुण्या-मुंबईच्या मित्रांबरोबर खेळू लागले की तीव्र होतो. टोंगळा म्हणजे गुडघा, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि बंडी म्हणजे बैलगाडी, हे नागपुरात रोजचे. पुण्यात सांबार इडलीबरोबर येते आणि बंडी अंगात घालतात. असे शब्द विचारल्यास निम्मे मंडळ बाहेर बसते. ‘भैताडा (वेड्या), हा काय शब्द झाला?’ अशी तक्रार नागपूरकडून येते ती याच वेळी.

व्हॉट्सॲपवरून खेळताना अर्थ गटात न टाकता राज्य असलेल्याला खासगी संदेशाने पाठवतात. कागदावर हस्ताक्षर ओळखू येण्याचा जो धोका असे, त्याची जागा येथे शुद्धलेखनाने घेतली आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या ठरावीक चुका, ‘ण’च्या जागी ‘न’, विरामचिन्हांपूर्वी सोडलेली जागा, यांवरून जुने मित्र एकमेकांना क्षणात ओळखतात. त्यामुळे सर्व अर्थ एकाच वळणाने पुन्हा लिहून काढणे हे राज्य असलेल्याचे मुख्य काम ठरते. व्हॉट्सॲपवरील मतदानाची सोय येथे गैरसोयीची आहे, कारण कोणी कोठे मत दिले हे सर्वांना दिसते आणि उशिरा मत देणारे पुढच्यांच्या मागे जातात. मतेही खासगीत घ्यावीत. व्हिडिओ कॉलवर मोठ्याने वाचताना खोट्या अर्थावर हसू न येणे ही वेगळी साधना आहे.

एखाद्या खेळाडूने योगायोगाने खराच अर्थ लिहिला, तर राज्य असलेल्याने तो वेगळा न वाचता कोशातील अर्थातच जमा धरावा, असा पायंडा आहे. त्याला किती गुण द्यावेत यावर मंडळामंडळांत एकमत नाही.