ध्वनिजाणीव आणि अक्षरशिक्षण (बेळगाव सीमाभाग)

बोललेला शब्द लहान लहान ध्वनींनी बनलेला असतो, हे कानाने ओळखता येणे म्हणजे ध्वनिजाणीव. या ध्वनींची लिपीतल्या चिन्हांशी सांगड घालून वाचायला शिकवणे म्हणजे ध्वन्याधारित अक्षरशिक्षण. पहिले काम डोळे मिटूनही करता येते, त्याला पाटी लागत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी शाळांत मात्र हे सारे दोन लिप्यांमध्ये करावे लागते.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास सांगणारे कलम ३५०-क त्याच वर्षी राज्यघटनेत आले. पुढे २०१५ च्या राज्य कायद्याने पहिलीपासून कन्नड टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. त्यामुळे देवनागरी नीट बसायच्या आतच कन्नड फळ्यावर येते. सीमावादाचा पसारा या नोंदीत आणण्याचे कारण नाही.

अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीच्या २००० सालच्या अहवालाने इंग्रजी वाचनासाठी सुट्या ध्वनींच्या सरावावर भर दिला. तो जसाच्या तसा इथे उचलणे चुकीचे ठरेल. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांत व्यंजन आणि स्वर मिळून एक अक्षर होते. म्हणून मुलाला ‘पा-टी’ हे तुकडे लवकर ऐकू येतात, ‘प्’ आणि ‘आ’ वेगळे व्हायला वेळ लागतो. कन्नड शिकणाऱ्या मुलांवरील सोनाली नाग यांच्या २००७ च्या अभ्यासातही सुट्या ध्वनींची जाण उशिरा येते आणि अक्षरओळख पहिल्या एकदोन वर्षांत संपत नाही, असे आढळले. ३४ व्यंजनांची बाराखडी मांडली तर ४०८ रूपे होतात, जोडाक्षरे वेगळीच. त्यात नवल ते काय?

स्वर आणि व्यंजन वेगळे करण्याचा उत्तम सराव मुले शाळेबाहेर करतात. ‘च’च्या भाषेत ‘तुला काय पाहिजे’चे ‘चुला त चाय क चाहिजे प’ होते. ‘तु’मधला उकार जागेवर ठेवून ‘त’ मागे टाकणे हीच ध्वनिजाणीव. वर्गात तिला बंदी असते, हे दुर्दैव.

टाळ्या वाजवून शब्द तोडताना सीमाभागात एक गाठ पडते. मराठीत ‘घर’ लिहिताना दोन अक्षरे, पण शेवटचा ‘अ’ उच्चारात गळतो, म्हणून ऐकून वाजवणारे मूल एकच टाळी देते आणि बाई दोन मागतात. कन्नडमध्ये ‘मर’ (झाड) म्हणताना शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारला जातो, तिथे दोनच टाळ्या. एकीकडची सवय दुसरीकडे गेली की वाचन अडखळते, आणि ते आळसात जमा होते. ‘ओ’चेही तसेच. कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ओ’चा ‘कोडु’ म्हणजे दे, दीर्घ ‘ओ’चा म्हणजे शिंग. मराठीत हा भेदच नाही. उलट मराठीतले ऱ्हस्व-दीर्घ बरेचसे नियमाने लिहिले जाते, ते कानावर सोपवू नये. ‘चिमणी’ आणि ‘चाक’ यांतले ‘च’ निराळे आहेत, हे मराठी मूल ऐकते, पण चिन्ह एकच असते.

दोन्ही भाषांत चालणारे शब्द इथे कामी येतात. ‘अक्का’ घ्या. कान तोच राहतो, मांडणी बदलते: देवनागरीत आधी अर्धा क आणि मग पूर्ण, कन्नडमध्ये पूर्ण अक्षराच्या पायाशी दुसऱ्या ‘क’चे चिन्ह. बाराखडीला कन्नडमध्ये ‘कागुणित’ म्हणतात आणि तिचा क्रमही ओळखीचाच. म्हणून ऐकण्याचा पाया मराठीत एकदा पक्का करावा, दुसऱ्या लिपीत तो पुन्हा घालावा लागत नाही.

अक्षरे ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीने शिकवण्याऐवजी गटाने घेतलेली बरी. क, म, ल, र आणि काना एवढ्यावर काम, काल, मला, करा, कमाल हे शब्द वाचता येतात. ‘कि’ मात्र उशिरा घ्यावे, कारण वेलांटी आधी दिसते आणि ऐकू नंतर येते. कन्नडमध्ये ती वर जोडलेली असते. रफाराची अडचण दोन्हीकडे आहे: ‘गर्व’मधला र् आधी बोलला जातो, पण त्याची खूण देवनागरीत ‘व’वर चढते, कन्नडमध्ये ‘व’च्या नंतर येते.

पाठ्यपुस्तकातला धडा मूल घडाघडा म्हणत असेल तर तो पाठ आहे की वाचलेला, हे सांगता येत नाही. ‘रोकी’, ‘तुमा’, ‘लाकरू’ असे निरर्थक शब्द फळ्यावर लिहिले की लगेच कळते.