सुशोभीकरण वेगळं आणि जतन वेगळं, किती वेळा सांगायचं

कुठल्याही जुन्या चौकाचं काम निघालं की ग्रुपवर मेसेज सुरू, "रिस्टोरेशन चाललंय, भारी होणार." जाऊन बघावं तर पेव्हर ब्लॉक, फोकस लाइट, कारंजं आणि स्टीलचं रेलिंग. याला सुशोभीकरण म्हणतात, ते सगळ्यांनी पाहिलंय, नव्या कॉलनीतल्या चौकात खुशाल करा. पण आपल्या कोल्हापुरात भवानी मंडप, बिंदू चौक असल्या जुन्या जागी सुशोभीकरण आणि जतन एकच समजलं की कायमचं नुकसान होतं.

लाइट, बाकडी, कुंड्या हा फरक किरकोळ आहे, उद्या उचलता येतात. खरा घोळ आहे दगडांच्या सांध्यात. जुनं बांधकाम चुन्यातलं. पावसाळ्यात जमिनीतली ओल भिंतीत चढते, आपला काळा दगड घट्ट असल्यामुळं त्यातून ती फारशी निघत नाही, चुन्याच्या सांध्यातून निघते आणि ऊन पडलं की वाळते. चुना दगडापेक्षा मऊ, म्हणून झिजला तर तो झिजतो, दगड शाबूत राहतो, आणि चुना काय परत भरता येतो. तिथंच सिमेंट भरलं की ओल आत कोंडते, मागचा जुना चुना भुसभुशीत होतो आणि बाहेरून भिंत मात्र चकाचक दिसते. आमच्या पेठेत एका वाड्याच्या जोत्याला असंच सिमेंट भरलं होतं, काही पावसाळ्यांनी कडेनं पांढरा क्षार फुटला, आणि ते सिमेंट छिन्नीनं काढायला गेले तर घडीव दगडाच्या कडा सोबत तुटून आल्या. त्या कडा परत कुठून आणायच्या?

तसंच जमिनीचं. जुनी फरसबंदी न उकरता वर नवा थर ओतला की चौकाची पातळी चढते, जोतं बुडतं, पायऱ्या एकेक करून गाडल्या जातात आणि पावसाचं पाणी थेट भिंतीच्या बुडाशी जातं. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

आणि जतन म्हणजे सगळं शाहू महाराजांच्या काळासारखं नवं बांधून टाकणं, असंही नाही. बिंदू चौकात तटबंदीचा जुना बुरूज आहे तसे महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे 1950 सालचे अर्धपुतळेही आहेत, तेही बाबासाहेब हयात असताना बसवलेले, तोही या चौकाचा इतिहासच. जुन्या वास्तू कशा जपायच्या याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं सांगणाऱ्या 1964 च्या व्हेनिस सनदेत सरळ लिहिलंय की प्रत्येक काळाची भर जपायची आणि जिथं अंदाज सुरू होतो तिथं रिस्टोरेशन थांबवायचं.

महाद्वार रोडवरून चालत बिंदू चौकाकडं जाताना कुठं काम चालू दिसलं तर फलकावरचं रंगीत चित्र बघत बसू नका, मिस्त्रीच्या घमेल्यात चुना आहे का सिमेंट ते बघा, आणि जोत्याच्या पायऱ्या मोजून फोटो काढून ठेवा, काम संपल्यावर परत मोजायला.