फॉर्ममधला ‘आजार’ हा रकाना: सही करण्याआधी वाचा

आमच्या कामगार आणि कारखानदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक

काही वर्षांपूर्वी शिरोली एमआयडीसीत नव्यानं नोकरीला लागणारा एक तरुण आमच्या कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या ऑफिसात आला. हातात चार पानी जॉइनिंग फॉर्म. अकरा वर्षांपासून शुगर, रोज इन्सुलिन. चौदाव्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, “साहेब, ह्यात काय लिहू? खरं लिहिलं तर घेत न्हाईत, खोटं लिहिलं तर उद्या काढतील.” रकाना असा होता: ‘आपणास पूर्वी झालेला किंवा सध्या असलेला कोणताही आजार सविस्तर लिहा.’ खाली तीन ओळी मोकळ्या.

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, फॉर्म आमचाच आहे. कुठल्यातरी मोठ्या कंपनीचा नमुना बघून आम्हीच तो टाइप केला होता आणि ज्यांचं पीएफ-ईएसआयचं (ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा) काम बघतो त्या कारखान्यांना वाटला होता. ‘कोणताही आजार’ म्हणजे लहानपणीची कावीळ धरायची का, मूळव्याध धरायचा का, आणि हे वाचून मालक नेमकं काय करणार, याचा विचार आम्ही केलेलाच नव्हता. तो रकाना आता बदलला आहे, नवा मजकूर खाली दिला आहे. पण जुन्या फॉर्मच्या झेरॉक्स अजून फिरत असतात आणि त्या घेऊन लोक येतच असतात.

तीन कागद, तिन्हींचे नियम वेगळे

नोकरीला लागताना आजाराबद्दल विचारणारे साधारण तीन कागद समोर येतात: जॉइनिंग फॉर्म, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट आणि विम्याचा फॉर्म. बहुतेकांची गडबड इथंच होते. जे डॉक्टरला सांगायचं ते फॉर्मात लिहितात आणि जे विम्याच्या फॉर्मात लिहायलाच हवं ते लपवतात.

जॉइनिंग फॉर्मचं आधी बघू. खाजगी नोकरीत उमेदवारानं आपला प्रत्येक आजार आपणहून सांगितलाच पाहिजे, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. त्याचबरोबर मालकानं विचारूच नये, असाही सरसकट कायदा नाही. मोबाईलवर परदेशातली माहिती वाचून “असा प्रश्न विचारणंच बेकायदेशीर आहे” असं सांगणारे भेटतात, त्यांच्या भरवशावर राहू नका.

फॉर्मच्या शेवटी एक बारीक ओळ असते: ‘वरील माहिती खोटी आढळल्यास सेवा समाप्त करण्यात येईल.’ खरा धोका त्या ओळीत आहे. आजार आहे आणि तुम्ही ‘नाही’ लिहून सही केली, तर पुढं कधी बिनसलं की मालकाच्या हातात तुमचा आजार नसतो, तुमचं खोटं असतं. आजारावरून काढलेल्या माणसासाठी भांडता येतं. खोट्या सहीवरून काढलेल्यासाठी भांडताना आमचेही हात बांधले जातात.

म्हणून ‘नाही’ लिहू नका. पण सगळी फाईलही उलगडून ठेवू नका. आम्ही सुचवतो ते वाक्य असं: ‘नेमून दिलेलं काम करण्यास अडथळा येईल अशी अडचण नाही. वैद्यकीय माहिती तपासणीच्या वेळी डॉक्टरांना देईन.’ अर्थात हे वाक्य खरं असेल तरच. रकाना नुसता मोकळा सोडला तर चालतं का, असं बरेच जण विचारतात. मोकळी जागा म्हणजे खोटं नव्हे, पण ती ढालही नव्हे. एचआरनं बोलावून पुन्हा विचारलं की उत्तर द्यावंच लागतं, आणि तेव्हा तोंडावर घाम फुटलेला असतो. त्यापेक्षा घरून वाक्य तयार करून नेलेलं बरं.

काम कोणतं, ते आधी बघा

एकच आजार एका खुर्चीवर सांगण्याची गरज नसते आणि दुसऱ्या जागी न सांगणं हा गुन्ह्याइतका मोठा हलगर्जीपणा ठरतो. फिट (मिरगी) येणारा माणूस अकाउंट्समध्ये बसून बिलं करत असेल तर ती त्याची खाजगी बाब. तोच माणूस फाउंड्रीत पोअरिंगला, म्हणजे साच्यात लोखंड ओतायला उभा असेल, समोर सुमारे १४०० अंशांचं वितळलेलं लोखंड घेऊन लॅडल (ओतायचं भांडं) झुलतोय, दोन हातांवर मोल्ड भरणारी पोरं उभी आहेत, तर तिथं गप्प बसायचा हक्क कुणालाच नाही. क्रेन, फोर्कलिफ्ट, प्रेस, उंचावरचं काम यांनाही तेच लागू. वाहन चालवणाऱ्यांना तर लायसन्सच्या फॉर्ममध्येच फिट येते का, अचानक शुद्ध हरपते का, हे विचारलेलं असतं आणि तिथं सही करावी लागते.

शुगरवाल्यांसाठी थोडं वेगळं सांगतो, कारण आमच्याकडे येणाऱ्यांत ते जास्त. आजार फॉर्मात लिहायचा की नाही हा पुढचा प्रश्न. मशीनवर शेजारी उभ्या असणाऱ्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. शुगर उतरली की हात थरथरतात, घाम सुटतो, बोलणं अडखळतं आणि बघणाऱ्याला वाटतं गडी पिऊन आलाय. एकाला नाईट शिफ्टला याच संशयावरून गेटबाहेर बसवलं होतं. खिशात ग्लुकोजची पुडी होती, पण ती काढून तोंडात घालायचं भान त्याला नव्हतं.

फिटनेस सर्टिफिकेट

इथं मात्र डॉक्टरपासून काही लपवू नका. कंपनीनं नेमलेला असला तरी तो डॉक्टरच आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन त्याच्यावर आहे. मालकाला कळायला हवं ते एवढंच: या कामाला फिट, अनफिट, किंवा अमुक अटींवर फिट. आजाराचं नाव कळायची गरज नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते आम्ही बघितलं आहे. एका वर्कशॉपमध्ये सगळ्यांच्या रक्ताच्या रिपोर्टांची चळत टाइमकीपरच्या टेबलावर, वर चहाच्या कपाचा गोल डाग, येणारा-जाणारा चाळतोय. म्हणून तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सरळ म्हणा, “रिपोर्ट माझ्याकडे द्या, कंपनीला फक्त सर्टिफिकेट द्या.” बहुतेक डॉक्टर ऐकतात. आपल्या कागदपत्रांची प्रत मागितली तर ७२ तासांत देण्याचा नियमही त्याच २००२ च्या नियमावलीत आहे.

फाउंड्रीत लागणाऱ्यांनी ही प्रत घ्याच, विशेषतः छातीचा एक्स-रे. सँड प्लँट, फेटलिंग, शॉट ब्लास्टिंग (वाळूचं आणि कास्टिंग साफ करायचं काम) इथल्या धुळीत सिलिका असते आणि तिच्यामुळं होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा कायद्यानं मान्य केलेला व्यवसायजन्य आजार आहे. लागताना एक्स-रे स्वच्छ होता हे दाखवणारा कागद घरात असेल, तर दहा वर्षांनी “हा जुनाच आजार होता” असं कुणाला म्हणता येत नाही. ट्रंकेत, रेशन कार्डाशेजारी ठेवा.

आणि एक. रजेसाठी शिफ्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकू नका. मालकापासून वर्षभर जपलेली गोष्ट सुपरवायझरला ‘सर आज येत नाही’ म्हणताना चाळीस जणांना आपल्याच हातानं सांगून मोकळे झालेले लोक आम्हाला माहीत आहेत.

विम्याचा फॉर्म

इथं सगळं लिहा. बीपीच्या गोळीपासून जुन्या ऑपरेशनपर्यंत. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत जुने आजार बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, त्यामुळं लपवून मिळत काही नाही आणि क्लेम मात्र अडकतो. स्वतःची पॉलिसी घेत असाल तर एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार जुन्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने आहे. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की माहिती लपवली म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध केली तरच येतो.

पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय लागू असेल तर चित्र आणखी सोपं आहे. ईएसआयमध्ये उपचारासाठी जुना-नवा आजार असा भेद नाही. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं, त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. टीबी, कर्करोग, किडनी निकामी होणं, पार्किन्सन अशा ३४ दीर्घ आजारांत सलग दोन वर्षं नोकरी झालेल्यांना ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. हे माहीत नसल्यामुळं डायलिसिस सुरू झाल्यावर राजीनामा देऊन आलेले लोक भेटतात. राजीनाम्याआधी आमच्याकडे या हो, नंतर नको.

काही आजारांना कायद्याचं कवच आहे

एचआयव्हीचं सगळ्यात भक्कम आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही, आणि कोर्टाचा आदेश सोडला तर कुणालाही संमतीशिवाय ही माहिती सांगायला भाग पाडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं तर १९९७ मध्येच सांगितलं होतं की काम करायला सक्षम असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळं काम नाकारता येणार नाही. फॉर्मात हा प्रश्न दिसला तर तो फॉर्मच चुकीचा आहे.

टीबीची नोंद डॉक्टरांनी सरकारकडे करणं २०१२ पासून सक्तीचं आहे. सरकारकडे, मालकाकडे नव्हे. मानसिक आजारावरच्या उपचारांची गुप्तता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मान्य केली आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सनही येतात. शुगर, बीपी, थायरॉईड यांची नावं त्या यादीत नाहीत, हे स्पष्ट सांगतो, कारण ‘शुगरवर दिव्यांग सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणणारे एजंट फिरत असतात. आरक्षणासाठी ४० टक्के अपंगत्व लागतं. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. खाजगी कारखान्याला ही तरतूद तशीच लागू नाही, तिथं बोलून मार्ग काढावा लागतो.

सवलत हवी असेल तर थोडं सांगावंच लागतं

ज्याला वेळ, शिफ्ट किंवा जागा बदलून हवी आहे त्यानं पूर्ण गप्प राहून चालत नाही. पण इथंही आजाराचं नाव न घेता गरज सांगता येते. डायलिसिसवर असलेल्या एका ग्राहकासाठी आम्ही लिहिलेलं पत्र नमुन्यादाखल:

‘मी एका दीर्घकालीन वैद्यकीय कारणासाठी नियमित उपचार घेत आहे. नेमून दिलेले काम मी करू शकतो. दर मंगळवारी व शुक्रवारी दुपारी २ नंतर उपचारासाठी जावे लागते. या दोन दिवशी मला सकाळची शिफ्ट मिळावी, ही विनंती. डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. ही माहिती आपल्यापुरती ठेवावी.’

डॉक्टरांच्या पत्रातही निदान नको, मर्यादा हवी: ‘दहा किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये’, ‘नाईट शिफ्ट टाळावी’. पत्र दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर पोहोच घ्या. पोहोच मागायला संकोच वाटतो, माहीत आहे. मालक चुलत्यासारखा वागणारा असला तरी घ्या. उद्या मॅनेजर बदलतो.

दुकान-आस्थापना कायदा लागू असलेल्या दुकान-ऑफिसात वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा मिळते. तपासण्यांच्या तारखांसाठी ती पुरवून वापरा, यात्रेला आणि पाहुण्यांच्या जावळाला संपवू नका.

कारखानदार ग्राहकांना

जुना रकाना काढून हा घाला: ‘तुम्हाला दिल्या जाणाऱ्या कामात स्वतःला किंवा शेजाऱ्याला धोका होईल अशी काही अडचण आहे का? कोणती सोय केल्यास काम नीट होईल?’ यातून तुम्हाला हवं ते सगळं कळतं आणि नको ते अंगावर येत नाही. वैद्यकीय कागद वेगळ्या कपाटात, किल्ली एकाकडेच. दिव्यांग कायद्याखालचं समान संधी धोरण प्रत्येक कारखान्यात लेखी असणं आवश्यक आहे, २० किंवा जास्त कामगार असतील तर अधिक तपशिलासह; नसेल तर कळवा, मसुदा तयार आहे. फॉर्म बदलून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही, चूक आमचीच होती.

येताना

फॉर्म आणि नेमणूकपत्र घेऊन या. रिपोर्टची फाईल घरीच ठेवा, ती आम्हालाही बघायची गरज नसते. सोमवारी कारखान्याला सुट्टी असणाऱ्यांसाठी त्या दिवशी ऑफिस सकाळी दहापासून उघडं असतं. फॉर्म वाचून देण्याची फी नाही, पत्र लिहून देण्याची आहे आणि ती आधी सांगतो. सही झालेला फॉर्मही बघतो, पण मग त्यात पेन चालवता येत नाही, फक्त पुढचं बोलता येतं.