बिल कोणाच्या टेबलावर येतं? क्लाउडमधल्या काटकसरीची पार्श्वभूमी

गोव्यात पावसाळा तोंडावर आला की घराघरांत पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात. शब्द पोर्तुगीजांकडून आला, सवय बहुधा त्याआधीचीच असावी. मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला सुकी मासळी, कांद्यांच्या माळा, मिरच्या, सोलं यांचे ढीग लागतात आणि घरची कर्ती बाई चार महिन्यांचा अंदाज बांधून खरेदी उरकते. अंदाज चुकला तर कांदे कुजतात, नाहीतर चवथीआधीच डबे वाजायला लागतात. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, व्यवहार याच्या अगदी उलट. तो रोज पहाटे सायकलवर पों-पों करत दारात येतो. हवे तेवढे उंडे (गोल पाव) घ्यायचे, ओळखीचा असेल तर वहीत लिहायचं, महिनाअखेर चुकतं करायचं.

संगणकाचा खर्च गेली साठ वर्षं या दोन व्यवहारांमध्ये हेलकावे खातोय. ‘खर्चाचं भान ठेवून सॉफ्टवेअर लिहा’ हा उपदेश आज नवा म्हणून सांगितला जातो, पण तो अजिबात नवा नाही. मधल्या काळात फक्त बिल वेगळ्याच टेबलावर जायला लागलं होतं.

ज्या १९६१ साली गोवा मुक्त झाला, त्याच वर्षी अमेरिकेत एमआयटीमध्ये संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी एका भाषणात भाकीत केलं होतं की संगणनही एक दिवस टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होईल. तिथेच त्या वर्षी फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने एक यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता येईल, अशी सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. यंत्रं इतकी महाग होती की वेळ सेकंदांत मोजली जाई. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला तोही याच काळात. आयबीएमच्या ३६० मालिकेवर काम टाकताना जॉब कार्डावर, म्हणजे कामाआधी यंत्राला द्यायच्या छिद्रित कार्डावर, वेळेची मर्यादा घालता येई. मर्यादा संपली की यंत्र चालू काम तिथेच तोडून टाकी, उत्तर दोन ओळींवर आलेलं असो वा नसो. मला हे कार्ड फार आवडतं. प्रोग्राम लिहिणाराच स्वतःच्या हाताने खर्चाची वेस आखत होता, आणि तीही काम सुरू होण्याआधी.

पुढे यंत्रं स्वस्त झाली आणि मीटर दिसेनासा झाला. नव्वदीनंतर कंपन्या स्वतःचे सर्व्हर घेऊ लागल्या, म्हणजे पुरुमेंतच. तीन कोटेशनं, खरेदी समितीची सही, आणि पुढची तीन-चार वर्षं कोणी विचारत नसे. खरेदी व्हायची ती सर्वांत गर्दीच्या दिवसाच्या मापाने. आमच्या हॉटेल बुकिंगच्या धंद्यात हा दिवस नाताळ ते नववर्ष यांच्या मधला. जुलैत तेच सर्व्हर नुसते गरम हवा सोडत बसत. गुगलच्या बारोझो आणि होल्झ्ले यांनी २००७ मध्ये मांडलं की सर्व्हर बहुतेक वेळ १० ते ५० टक्के क्षमतेवरच चालतात. हे गुगलचं, मग आमचं काय विचारता!

२००६ मध्ये पोदेर आला, म्हणजे क्लाउड: दुसऱ्याची यंत्रं इंटरनेटवरून हवी तेवढाच वेळ भाड्याने वापरायची. मार्चमध्ये ॲमेझॉनने एस-थ्री ही साठवणुकीची सेवा सुरू केली, एका जीबीला महिन्याला १५ सेंट. ऑगस्टमध्ये भाड्याने मशीनं देणारी ईसी-टू, सर्वांत छोटं मशीन तासाला १० सेंट. महिनाभर चालू ठेवलं तर ७२ डॉलर, त्या वेळच्या दराने सव्वातीन हजार रुपयांच्या आसपास. गंमत म्हणजे भाव ठरवताना विकणाराही चुकला होता. एस-थ्रीमध्ये सुरुवातीला साठवणूक आणि वाहतूक यांचेच पैसे लागत. फाइल किती वेळा मागितली याचे काहीच नाहीत. बारक्या-बारक्या फाइली लाखो वेळा मागणारे गिऱ्हाईक आल्यावर २००७ मध्ये प्रत्येक मागणीला दर लागला.

घोटाळा झाला तो वहीचा. मशीन चालू करायला आता कोणाची सही लागत नव्हती, एक बटण पुरे. पण बिल महिनाअखेर मालकाच्या क्रेडिट कार्डावर आणि तिथून अकाउंट्समध्ये. पाव खाणारा एक, वही बघणारा दुसरा.

आमच्या पर्वरीच्या ऑफिसात एका चवथीआधी आम्ही सीझनची तयारी म्हणून लोड टेस्ट, म्हणजे खोटी गर्दी सोडून यंत्रणा किती तग धरते याची चाचणी, घेतली. आठ मशीनं, एक मोठा डेटाबेस. दुपारी सगळे आपापल्या गावी पांगले, कोणी सत्तरीला, कोणी काणकोणला. माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट) बांधण्याच्या गडबडीत मशीनं बंद करायची राहिली. कोणाची जबाबदारी होती हेही ठरलेलं नव्हतं (माझीच होती, असं नंतर ठरलं). ती अकरा दिवस चालली. पुढच्या महिन्यात अकाउंट्सच्या बाई छापील बिल घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि एका ओळीवर पेन ठेवून म्हणाल्या, “हो नॅट गेटवे म्हळ्यार कोण रे?” नॅट गेटवे म्हणजे आतल्या मशीनांना बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारा दरवाजा. तो तासाचेही पैसे घेतो आणि त्यातून गेलेल्या प्रत्येक जीबीचेही, हे मलाही त्या दिवशीच नीट कळलं. वाया गेलेली रक्कम एका नव्या मुलाच्या महिन्याच्या पगाराएवढी होती. साधी गोष्ट आहे: आठवड्याचे तास १६८, त्यातले आमच्या कामाचे फार तर ५०. टेस्टची मशीनं उरलेल्या वेळी बंद ठेवली तरी सत्तर टक्के वाचतात.

दरम्यान मोजमाप बारीक होत गेलं. २०१४ मध्ये लॅम्डा, म्हणजे मशीन न घेता नुसता कोड चालवून देणारी ॲमेझॉनची सेवा, आलं ते १०० मिलिसेकंदांच्या हिशेबाने, २०१७ मध्ये लिनक्स मशीनं सेकंदावर आली, २०२० मध्ये लॅम्डा एका मिलिसेकंदावर. पण त्याच दुकानात २००९ पासून पुरुमेंतही मिळू लागलं होतं: एक किंवा तीन वर्षांची हमी द्या, सूट घ्या. मार्च २०२० मध्ये हॉटेलं बंद पडली तेव्हा बुकिंग शून्य आणि हमीचे हप्ते चालूच, हे आम्ही भोगलंय. त्याआधी ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया डॉलरला ६८ च्या पलीकडे घसरला तेव्हा कोडची एक ओळही न बदलता बिल फुगलं होतं.  

बिल पुन्हा इंजिनिअरसमोर आणायचे प्रयत्न याच दशकातले. नेटफ्लिक्सने २०१३ मध्ये आपलं ‘आइस’ हे खर्च दाखवणारं साधन सर्वांना खुलं केलं. २०१९ मध्ये क्लाउडच्या खर्चावर लक्ष ठेवण्याच्या पद्धतीसाठी फिनऑप्स फाउंडेशन ही संस्था उभी राहिली आणि पुढच्या वर्षी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली. काहींनी क्लाउडच सोडलं. लोकांच्या फाइली साठवून देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने आपला बराचसा साठा स्वतःच्या यंत्रांवर हलवून दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचवल्याचं २०१८ मध्ये शेअर बाजारात उतरताना सांगितलं. थर्टीसेव्हन सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीने २०२२ मध्ये बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. ही उदाहरणं आमच्याकडे मीटिंगमध्ये हमखास निघतात. माझ्या मते ती आम्हाला लागू नाहीत. ड्रॉपबॉक्सचा साठा बारा महिने तेरा काळ भरलेला. आमची गर्दी नोव्हेंबरला चढते आणि एप्रिलला उतरते.

२०२३ च्या अखेरीस ॲमेझॉनच्या वार्षिक परिषदेत त्यांचे तंत्रज्ञानप्रमुख वर्नर व्होगल्स यांनी काटकसरी आर्किटेक्टचे, म्हणजे सॉफ्टवेअरचा आराखडा आखणाऱ्याचे, सात नियम मांडले. पहिला असा की वेग आणि सुरक्षा यांच्याबरोबर खर्चही आराखड्यातच मागणी म्हणून लिहा. पोदेरानेच ‘पाव बेताने खा’ म्हणावं तसं हे, आणि दोनच महिन्यांनी, १ फेब्रुवारी २०२४ पासून, त्याच कंपनीने प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला (इंटरनेटवरच्या मशीनच्या पत्त्याला) तासाला अर्धा सेंट लावला. तरी नियम खोटा नाही. जॉब कार्डावरची वेळेची मर्यादा म्हणजे वेगळं काय होतं?

आता आमच्याकडे नव्या कामाच्या आराखड्यात ‘महिन्याला अंदाजे किती’ ही ओळ असते, आणि ती लिहिणाऱ्यालाच बिलाची प्रत जाते. वार्षिक हमी किती घ्यायची याची बैठक मेमध्ये होते, कारण तोवर सीझनचे आकडे हाती असतात. गेल्या खेपेला अकाउंट्सच्या बाई अर्धा तास उशिरा आल्या, मडगावहून, दोन्ही हातांत कांद्यांच्या माळा. गेल्या वर्षी घेतलेल्या हमीतली किती वाया गेली, हे त्यांनी माळा खाली ठेवायच्या आत विचारलं.