बाळ शांत होत नाही: अडचण स्वनियमनाची की संवेदनांची?

दोन महिन्यांचे एक बाळ तिन्हीसांजा झाल्या की तासन्‌तास रडते. आठ महिन्यांचे दुसरे बाळ चवथीच्या आरतीत घुमट हे मातीचे तालवाद्य वाजू लागताच अंग ताठ करते आणि आरती संपून बराच वेळ झाला तरी कुणाच्या कडेवर थांबत नाही. घरातली माणसे दोघांनाही किरकिरे ठरवतात, दोघांचीही दृष्ट काढतात. पण पहिल्याची अडचण बहुधा शरीराच्या स्वनियमनाची असते, तर दुसऱ्याची संवेदना हाताळण्याची असू शकते, आणि हा फरक ओळखला तरच योग्य उपाय सुचतो.

हृदयाची गती, श्वास, शरीराचे तापमान, भूक, झोप आणि जाग यांचा मेळ शरीराने आपला आपण राखणे म्हणजे स्वनियमन. या कामात स्वायत्त मज्जासंस्थेचा, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणाऱ्या मज्जासंस्थेचा, मोठा वाटा असतो. तिची शांत करणारी बाजू मुख्यतः व्हेगस या मज्जातंतूवाटे चालते आणि जन्मतः ती पुरती पक्व नसते. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 1973 मध्ये मांडलेल्या नवजात तपासणीत गाढ झोप, हलकी झोप, पेंग, शांत जाग, चळवळी जाग आणि रडणे अशा सहा अवस्था धरल्या आहेत. एका अवस्थेतून दुसरीत बाळ किती सहज सरकते, हे त्यात पाहिले जाते. निरोगी बाळाचेही रडणे साधारण सहाव्या आठवड्यात सर्वाधिक असते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. दिवसाला 3 तासांहून जास्त, आठवड्यात 3 दिवसांहून जास्त आणि 3 आठवड्यांहून जास्त काळ चालणाऱ्या अशा रडण्याला कॉलिक म्हणण्याची व्याख्या 1954 ची आहे.

संवेदनप्रक्रियेची अडचण निराळी. इथे बाळाला ऐकू येते, दिसते, स्पर्श कळतो. पण आलेल्या संवेदनेला किती प्रतिसाद द्यायचा, याचे माप जुळत नाही. अमेरिकी व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) ए. जीन आयर्स यांनी या विचाराचा पाया घातला आणि नेहमीच्या पाच संवेदनांइतकेच महत्त्व तोल आणि सांधे-स्नायूंकडून येणाऱ्या संवेदनांना दिले. म्हणूनच एखादे बाळ खोबरेल लावताना बोटांच्या हलक्या स्पर्शाने कळवळते, पण तळहाताचा सावकाश, घट्ट दाब त्याला चालतो. न्हाऊ घालताना पाण्यापेक्षा मान मागे झुकण्याचीच त्याला धास्ती असते. सहा महिन्यांनंतर नाचणीचे मऊ सत्त्व ते खाते, पण भाताचे एक शीत जिभेला लागले की उमासे काढते.

उलट प्रकारचे बाळ तर नजरेतूनच सुटते. हाक मारली तरी वळत नाही, ओले झाले तरी कुरकुरत नाही, तासभर पाळण्यात पडून राहते, आणि घरात ‘गुणी बाळ’ म्हणून त्याचे कौतुक होते. माझ्या मते रडणाऱ्यापेक्षा या बाळाकडे अधिक लक्ष द्यायला हवे. अशा वेळी संवेदनप्रक्रियेचा विचार करण्याआधी ऐकण्याची, दृष्टीची आणि थायरॉइडची तपासणी झालीच पाहिजे.

दोन्हींतला फरक रडण्याच्या आवाजावरून कळत नाही. रडण्याच्या आधी काय घडले, यावरून कळतो. स्वनियमनाची अडचण असेल तर रडणे घड्याळाशी, भुकेशी, थकव्याशी बांधलेले असते आणि घरात शांतता असली तरी ते येते. संवेदनांची अडचण असेल तर ठरावीक गोष्ट घडली की ते येते, मग सकाळ असो की रात्र: मिक्सरचा आवाज, पत्र्यावर कोसळणारा पाऊस, लोकरीचे टोपरे, पाहुण्यांच्या हातांतून हातांत जाणे. म्हणून आठवडाभर एका वहीत वेळ, त्याआधीची घटना आणि बाळ कशाने शांत झाले, हे लिहून ठेवावे. डॉक्टरांनाही ‘सारखे रडते’ या वाक्यापेक्षा या नोंदींचा उपयोग जास्त होतो.

स्वनियमन कच्चे असेल तर मोठ्यांच्या शरीराचा आधार द्यावा लागतो: उघड्या छातीशी धरणे, मंद उजेड, भुकेची पहिली चिन्हे दिसताच दूध. संवेदनांच्या बाबतीत मात्र त्रास देणारी गोष्ट ओळखून तिची मात्रा आधी कमी करावी आणि मग बाळाच्या कलाने थोडीथोडी वाढवावी. घुमटाच्या शेजारी बसवून सवय लावण्याचा हट्ट धरू नये. माजघरातून आवाज ऐकू दिला तरी पुरे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांत दोन्ही अडचणी एकत्र दिसू शकतात आणि एक दुसरीला वाढवते. तरीही नाव देण्याची घाई नको. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने 2012 मध्ये संवेदनप्रक्रियेचा विकार हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नये असे सुचवले. उलट लहानग्यांसाठीच्या 2016 च्या डीसी:0-5 या वर्गीकरणात त्याला जागा आहे. तज्ज्ञांतच एकमत नसताना तीन महिन्यांच्या बाळावर असा शिक्का मारणे मला धोक्याचे वाटते. सहा महिन्यांनंतरही त्रास टिकून असेल, वजन, झोप किंवा खेळ अडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांमार्फत व्यवसायोपचारतज्ज्ञांकडे जावे.

तीन महिन्यांखालील बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, दूध नाकारणे किंवा मलूलपणा यांपैकी काहीही दिसले, तर मात्र वही बाजूला ठेवून त्याच क्षणी, गोव्यात असाल तर म्हापसा, मडगाव किंवा बांबोळी, जे रुग्णालय जवळ असेल ते गाठावे.